चार नावं

पेण, शनिवार, संध्याकाळ

आजोबांना मी आजवर पाखंडी समजत आले. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवारी शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस; लिहिणंही कामच, म्हणून तारे दिसेपर्यंत पेनाला हात लावत नाही. आजोबा मात्र नेमके शनिवारीच वहीत एक ओळ लिहायचे. बाबांनी तर त्यावरून त्यांच्याशी बोलणंच सोडलं होतं.

रोह्याची आत्या सध्या आमच्याकडे आहे, पंच्याऐंशी वर्षांची. आज तिने त्या वहीचं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर आजोबा आफ्रिकेतल्या मोंबासा बंदरात कारकून होते. जर्मनीतून पळालेलं एक ज्यू कुटुंब बोटीवर अडकलं होतं. उतरायच्या परवान्यावर आजोबांनी चार नावं लिहून सही करायची, एवढंच. बोटीवरचा माणूस कागद घेऊन घरी आला. शनिवार होता.

“तारे दिसले की लिवतो, असं बोलले,” आत्या म्हणाली. “बोट त्याच्या आधीच सुटली गो. परत युरोपला.”

“आपलेच लोक होते ना?”

“व्हय.”

वही उघडली. पानोपानी तीच चार नावं, खाली सही. शेवटच्या नावापुढे दर वेळी वय: दोन वर्षं.

बाबांना हे कधी कळलंच नाही. की कळूनही बोलणं सोडलं?

बाहेर अजून उजेड आहे. तारे दिसायचेत. मी लिहितेय.