साडेसोळा बाय तेराची खोली

दि. ९ एप्रिल

तीर्थरूप बाबांना,

नमस्कार. साष्टांग लिहिलं असतं, पण कंबर धरली आहे, उगाच खोटं कशाला बोला. इकडे सगळे ठीक. तुमची सून मजेत आहे, मुलांच्या परीक्षा संपल्या. तुमचं हाड छान जुळलं, आता काठीशिवाय जिना चढता, असं तिथल्या शुश्रूषा केंद्रातल्या नर्सबाईंनी फोनवर सांगितलं. सहा आठवड्यांसाठी आलेले आजोबा चौथ्यातच पळायला लागले, म्हणाल्या. ऐकून बरं वाटलं.

पत्राचं कारण वेगळंच आहे. घरी पूल टेबल घ्यायचं चाललंय. हसू नका. चाळीस वर्षं तुम्ही दुनियेच्या घरात टेबलं बसवलीत आणि आपल्या घरी दिव्याखाली अंधार. म्हटलं, घ्यायचंच तर मिस्त्रींना विचारून घ्यावं.

तीन पसंत पडलीत. एक घडीचं, खेळून झालं की पाय मुडपून भिंतीशी उभं करायचं. मग खोलीत पलंगसुद्धा मावतो, असं दुकानदार म्हणाला. दुसरं जेवणाचं, वर फळ्या टाकल्या की ताटं मांडा, काढल्या की खेळा. हे सुनेला आवडलंय, म्हणजे बाद. तिसरं स्लेटचं, खाली तीन दगडी फरश्या, तुम्ही बसवायचात तसं.

खोली साडेसोळा बाय तेरा आहे. खिडकी एक, दार आत उघडतं. एक पलंग आणि कपाट हललं की बाकी मोकळीच.

तुम्ही घडीचं म्हणालात तर घडीचं घेईन. तुमचा शब्द शेवटचा. फक्त लेखी कळवा, फोनवर नको. ताईचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. तिला परस्पर काही केलेलं खपत नाही, दाखवायला कागद असलेला बरा.

थंडीत डाव्या हाताची करंगळी अजून दुखते. ती सरळ झालीच नाही. क्लबातल्या टेबलाचं कापड फाटलं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. तुम्ही खेळायच्या काठीचा तो क्यू माझ्या हातावर मोडलात आणि सगळ्या मेंबरांपुढे एकेक करून मला माफी मागायला लावलीत. सतरा जण होते. सोळावा म्हणाला, 'जाऊ द्या हो मिस्त्री, लेकरू आहे.' तरी सतराव्यापर्यंत नेलंत. आठवलं म्हणून लिहिलं. विषय टेबलाचा आहे.

तुमचा,
धाकटा

दि. १५ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. खोली कुठली ते तू लिहिलं नाहीस. साडेसोळा बाय तेरा म्हटल्यावर लिहायची गरजही नव्हती. त्या खोलीत मी एकतीस वर्षं झोपलो.

आता टेबलाचं. फळ्यांचं घेऊ नको, कापडावर तेलाचे डाग पडतात. घडीच्याचे पाय वर्षभरात खिळखिळे होतात आणि बॉल आपल्या मनाने एका कोपऱ्यात पळतात. खरं तर मी घडीचं घे म्हणायला हवं होतं. ते उभं करून ठेवलं की पलंग मावला असता. पण तसलं टेबल घ्या असं मी जन्मात कुणाला सांगितलं नाही, आता कोणत्या तोंडाने सांगू?

स्लेटचं घे. एकदा बसवलं की हलवू नये. खिडकीखालची फरशी पाव इंच खचली आहे, म्हणून पलंगाच्या एका पायाखाली मी पुठ्ठा घातलाय. तिथे पाचर जास्त लागेल. पाणसळ तिन्ही दगडांवर आडवीउभी लावून पातळी बघायला सांग. सांध्यात मेणच भरायचं, दुसरं काही नाही.

मला कोठीत खाट टाकली तरी चालेल. धान्याचे डबे वर चढवले की जागा होते. माझं फारसं सामान नाही.

एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. क्लबातलं ते कापड तू फाडलं नव्हतंस. ताणताना माझ्याच सुरीने चीर पडली होती, मी ती कडेला दडपली. तुझा क्यू नेमका तिथे अडकला. मेंबरांना कळलं असतं तर माझं काम गेलं असतं. मी भ्यालो. तुझ्या हाताकडे बघवत नाही, म्हणून मी पुढे तुझ्याकडेच बघायचं टाळत आलो.

महिनाअखेरीला मुलगा न्यायला येणार असं मी नर्सबाईंना सांगून बसलोय. त्यांनी हौसेने माझी पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. यायचं नसेल तर त्यांना तूच सांग. माझ्याने सांगवणार नाही.

तुझा,
बाबा

दि. २९ एप्रिल

तीर्थरूप बाबांना,

नमस्कार. तुम्ही सांगितलंत तेच केलं. स्लेटचं घेतलं. एकेका दगडाला तिघं लागले.

ताई तरातरा आली होती, बाबांना घरी कधी आणतोस म्हणून. तिला तुमच्या पत्रातलं टेबलाचं पान तेवढं दाखवलं. 'स्लेटचं घे. एकदा बसवलं की हलवू नये.' अक्षर तुमचंच. तिने दोनदा वाचलं, चहा न घेता गेली.

बसवायला तुमच्याच हाताखाली शिकलेला माणूस आला होता. पुठ्ठा सापडल्यावर म्हणाला, "मिस्त्रींचा पलंग इथंच असतो ना?" मी म्हटलं, "असायचा." मग त्याने मान खाली घालून काम केलं. खिडकीखाली पाचर जास्त लागली, तुमचा अंदाज बरोबर होता. बॉल जिथे ठेवावा तिथे राहतो.

कोठी मी मोजली. तुमची खाट मावली असती. पण तिथे आता क्यू ठेवायचं स्टँड लावलंय.

कापडाचं वाचलं. बाबा, ती चीर मी त्याच दिवशी पाहिली होती. सुरीची चीर सरळ असते, क्यूने फाटलं की धागे ओढले जातात. हे मला तुम्हीच शिकवलं होतंत. माफी मागताना प्रत्येक मेंबरापुढे वाटायचं, आता बाबा बोलतील. सतराव्यानंतरही वाटत राहिलं. माझ्या लग्नात वाटलं, आईला पोचवून आलो तेव्हाही वाटलं. तुम्ही बोललात ते पिशवी दाराशी ठेवल्यावर.

नर्सबाईंना फोन केला आहे. आज दुपारी त्या तुमचे कपडे परत कपाटात लावतील. पिशवी मात्र इकडे पाठवायला सांगितली आहे. टेबलाचं जादा कापड ठेवायला होईल.

तब्येतीला जपा.

तुमचा आज्ञाधारक,
धाकटा