बाबांच्या पदकाचा पत्ता

सातारा, ४ फेब्रुवारी २०२५

ती. रत्नप्रभावहिनींस पद्मिनीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. साताऱ्याजवळच्या आपल्या गावच्या शाळेत सैनिकांचं दालन होतंय. बाबांचं शौर्यपदक देईन, असं मी सरपंचांना कबूल करून बसले आहे. अविनाशदादा गेल्यापासून पेटी तुमच्याच कपाटात असेल ना? निशांत कॅनडाहून यंदा तरी येतोय का? चंदीगडची थंडी संपेपर्यंत उगाच बाहेर पडू नका. ऐकणार नाहीच, ठाऊक आहे.

माया आहे तशीच असू द्या.
तुमची नणंद,
पद्मिनी

चंदीगड, २६ फेब्रुवारी

चि. पद्मिनीस अनेक आशीर्वाद.

पेटी सापडली, पदक नाही. आठ दिवस ट्रंका उपसल्या, यांच्या कोटांचे खिसे तपासले. निशांतला कळवलं, तर म्हणाला, जाने दो आई, कॉपी बनवून मिळते.

शेवटी पेटीतल्या मखमलीखाली यांच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली. पंचकुल्याचा पत्ता, सुरिंदर कौर. हिचा नवरा हरपाल हा फौजेत यांच्या जीपचा ड्रायव्हर होता. सीमेवर सुरुंगाने जीप उडाली, त्यात तो गेला आणि हे वाचले. त्याला पदक मिळालं नाही. हे तो विषय कधी काढत नसत.

मी ऑटो करून गेले. पदक हरपालच्या फोटोखाली टांगलेलं. मी पुढे होऊन कडेचं नाव वाचू लागले. तीच म्हणाली, कडेला कोरलेलं नाव हरपालचं नाही, हे मुलीने तिला पहिल्याच दिवशी वाचून दाखवलं होतं. पण म्हातारे साहेब एकटे बसने आले, फोटोला सॅल्यूट करून त्यांनी ते ठेवलं. इतक्या वर्षांत दारात दुसरं कोणी आलं नव्हतं, म्हणून तिने विचारलं नाही. मग तिने पदक काढून, दुपट्ट्याने पुसून माझ्या हातात दिलं.

मी ते परत खिळ्याला लावलं. तुला न विचारता. राग आला तर मलाच लिही.

पन्नास वर्षं एका घरात राहिलो गं आम्ही. शेजारच्या खोलीत बसून हे काय सोसत होते, मला कळलंच नाही. आता विचारू कोणाला?

घरच्यांना आशीर्वाद. लिहीत राहा, पोस्टमनची वाट बघते.
तुझी,
रत्नप्रभा

सातारा, १० मार्च

ती. वहिनींस पद्मिनीचा सा. न. वि. वि.

खरं सांगते, दोन दिवस दादावर धुमसत होते. बाबांची तेवढी एकच वस्तू उरली होती. तिसऱ्या दिवशी सरपंचांकडे गेले. म्हटलं, पदक दुसऱ्या एका सैनिकाच्या घरी आहे, तिथेच राहील. बाबांचा फोटो देते, पण शेजारी आणखी एक फोटो लावायचा आहे. ते हो म्हणाले.

तेव्हा हरपालसिंगांचा फोटो लागेल. पोस्टाने पाठवू नका, काच फुटेल. सुरिंदरताईंना विचारा आणि दोघी मिळून घेऊन या. माझ्याकडे खोली रिकामीच असते.

गाडी कळवा, स्टेशनवर येते.
तुमची,
पद्मिनी