पट्टा वरून की खालून

प्रिय धाकट्या,

माझा फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितो आहे. आईचा उचलतोस, ताईचा उचलतोस, बापाचा मात्र वाजून वाजून बंद पडतो आणि मग आई स्वयंपाकघरातून अशी बघते, जणू मीच मुद्दाम चुकीचा नंबर फिरवला. सात महिने झाले. पहिले दोन महिने मी रागात होतो. तेव्हा लिहिलं असतं तर नको ते लिहून बसलो असतो. आता राग उरलेला नाही. जे उरलंय ते एकदम सांगायला जमणार नाही, म्हणून आधी घरचं सांगतो.

आईचा गुडघा बरा आहे, म्हणजे कुरकुरतो पण जिना चढतो. ताईची लेक चालायला लागली आणि थेट माझ्या टेबलापर्यंत पोचली. परवा तिने एका चिमुकल्या सैनिकाचं हेल्मेट चोखून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. आमच्या छोटे पुतळे घडवणाऱ्यांच्या मंडळात इतकं परखड मत आजवर कुणी दिलेलं नाही. कवळ्यांचं काम मी आता पूर्ण बंद केलं. दातांच्या डॉक्टरांसाठी चाळीस वर्षं दात घडवले, पुरे झाले. मेण कोरायच्या सुऱ्या आणि बारीक कानस तेवढी घरी आणली, बाकी सगळं माझ्या जागी आलेल्या नव्या मुलीला देऊन टाकलं. तिचा हात चांगला आहे.

तुझ्या चौकीचा देखावा तसाच टेबलावर आहे, वर काचेची पेटी घालून. तू सुट्टीवर आलास तेव्हा मी तो झाकून ठेवला होता आणि तुला चहासुद्धा धड घेऊ न देता ओढत तिथे नेलं होतं. मला वाटलं होतं, तू खूश होशील. दीड वर्ष तुझ्या पत्रांतून एकेक गोष्ट वेचून मी ती चौकी उभी केली होती. वाळूच्या पोत्यांची भिंत, पत्र्याचं छप्पर, शेगडी, खाली जाणारी पायवाट. बर्फ तीनदा करावा लागला, कारण दोनदा तो पिवळा पडला. आणि तुम्ही आठजण. बाजारात जे सैनिक मिळतात ते कुणा दुसऱ्याच सैन्याचे, दुसऱ्याच ऋतूतले. त्यांचे हात कोपरातून कापायचे, मान वेगळी करायची, आत तार घालून हवी तशी वळवायची आणि वर लुकणाच्या मातीने नवा कोट चढवायचा. ही माती दोन रंगांच्या दोन वड्या एकत्र मळून करतात. मळली की तासभर हाताखाली ऐकते, मग दगड होते. त्या तासाभरात कोपराच्या चुण्या, खिशाचं झाकण, पाठीवरची पिशवी, सगळं उरकायचं. अंगठ्याएवढा माणूस, पण ओळखू आला पाहिजे, हा माझा हट्ट. तुझा जाडा स्वयंपाकी सगळ्यांना लगेच ओळखू येतो.

तू बराच वेळ बघत होतास. मी मूर्खासारखा बोलत होतो, चुण्यांबद्दल, बर्फाबद्दल. मग तू पेटीत हात घातलास, भिंतीच्या कोपऱ्यात पहाऱ्यावर उभा केलेला तुझाच पुतळा उपटलास, शर्टाच्या खिशात टाकलास आणि आत जाऊन पडलास. सकाळच्या पहिल्या गाडीने गेलास. सुट्टीचे अकरा दिवस बाकी होते. आई रडली. मी मात्र कोपऱ्यात राहिलेली, पुतळ्याच्या पायांतल्या तारांची दोन बारीक भोकं बघत बसलो आणि मनात म्हणालो, दीड वर्षाच्या मेहनतीला या पोराने काडीची किंमत दिली नाही. हे मी खरंच म्हणालो होतो, म्हणून लिहितो आहे.

तुमच्या आठांतला, ज्याला तुम्ही गवई म्हणायचात, तो गेला हे मला माहीत होतं. तूच दोन ओळींत कळवलं होतंस, की चौकीवर तोफेचा गोळा पडला आणि गवई गेला. त्याचा पुतळा तेव्हा तयार होता. शेगडीपाशी बसलेला, हातात मग, जसा तू एका पत्रात लिहिला होतास तसा. आई म्हणाली, त्याला काढ, बरं दिसत नाही. मी म्हणालो, निदान इथे तरी त्याला उबेला बसू दे. मला तेव्हा ते फार मायेचं वाटलं होतं. तू कोपऱ्यात पहाऱ्यावर आणि तो शेगडीपाशी. तुझ्या डोळ्यांपुढे मी नेमकं काय मांडून ठेवलं होतं ते मला पाच महिने कळलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी गवयाच्या आईचं पत्र आलं. आमच्या मंडळाच्या प्रदर्शनाची बातमी तिने कुठेशी वाचली आणि मंडळाकडून माझा पत्ता मिळवला. गेली तीस वर्षं ती शाळेत शिवण शिकवते, अक्षर टाक्यासारखं एकसारखं. तिचं म्हणणं एवढंच, की चौकीच्या देखाव्यात तिचा मुलगा असेल तर तो गातानाचा असावा. तिने त्याचा एक फोटो पाठवला होता, डोळे मिटलेले, तोंड उघडं, कानावर हात. आणि पुढे सहज लिहावं तसं लिहिलं होतं, की शेवटच्या पत्रात त्याने कळवलं होतं, या खेपेस माझ्या फोनची वाट मंगळवारी बघू नकोस, गुरुवारी बघ, एका मित्राच्या वडिलांचं काहीतरी निकडीचं काम आहे म्हणून पाळी बदलली आहे. ती गुरुवारी सकाळपासून फोनपाशी बसणार होती. बुधवारी सैन्यातली माणसं निरोप घेऊन घरी आली.

मी ते वाक्य वाचलं आणि पत्र टेबलावर उलटं करून ठेवलं. आईने विचारलं काय झालं, तर चष्मा सापडत नाही म्हणालो. तो नाकावर होता.

तुझा फोनचा वार गुरुवार. खालच्या तळावर एकच फोन आणि तुम्ही आळीपाळीने उतरायचात, हे मला पाठ होतं. मीच तुला लिहिलं होतं, की प्रदर्शन बुधवारी मांडायचं आहे, मंगळवारी कसंही करून फोन कर, काम अडलंय. आणि काम काय, तर गोळ्यांच्या पिशवीचा पट्टा कमरपट्ट्याच्या वरून जातो की खालून. तू फोन केलास. वरून जातो, पण बसताना खालून काढतात, असं सांगितलंस. सहा मिनिटं बोललो आपण आणि त्यातली साडेपाच पट्ट्याबद्दल. तू जेवलास का, झोपतोस का, काही विचारलं नाही. आई शेजारी हात पुढे करून उभी होती. तिला मी फोन दिला नाही, कारण मला बकलाचं विचारायचं राहिलं होतं. तुझा आवाज मात्र छान होता, हसलास एकदा. तेवढ्या वेळात तिथे वर तुझ्या पहाऱ्यावर तो उभा होता.

आणि तू हे कुणालाच सांगितलं नाहीस. मला समजू नये म्हणून माझा फोन उचलत नाहीस, की तुला माझं तोंड बघवत नाही म्हणून, ते मी विचारत नाही. दोन्ही असेल. पण एवढं ओझं एकट्याने उचलायला तुला कुणी सांगितलं होतं? लहानपणी काच फोडलीस की आधी मला येऊन सांगायचास, मग आईला.

त्यानंतर मी गवई घडवायला बसलो. सगळं नव्याने, कुणा तयार सैनिकाचं धड न घेता, आधी तारेचा सांगाडा आणि मग माती. हात कानाशी नेला की कोटाची बाही खांद्यापाशी कशी गोळा होते ते आरशात स्वतःला बघून केलं. आई म्हणाली, या वयात गायला लागलात की काय. चाळीस वर्षं लोकांची तोंडं बघण्यात गेली, पण या मापात तोंड म्हणजे सुईचं एक टोचणं. जरा खोल गेली की माणूस ओरडतो, उथळ राहिली की जांभई देतो. अकरा डोकी फुकट गेली. बाराव्या डोक्याला तो गायला लागला. पट्टा खालून काढला, बसलेल्या माणसाचा तू सांगितला होतास तसा. तो मी कोपऱ्यातल्या त्या भोकांत बसवला नाही, शेगडीपाशीही नाही. भिंतीच्या आतल्या बाजूला पोत्यांवर बसवला आहे आणि बाकीचे त्याच्याकडे वळवले आहेत. त्यासाठी सहाजणांच्या माना पुन्हा कापाव्या लागल्या.

येत्या रविवारी त्याची आई तो बघायला येणार आहे, पाच तासांचा प्रवास करून. हे पत्र त्यासाठी. पाळी कुणी बदलली हे तिला ठाऊक नाही आणि तिने विचारलेलंही नाही, पण मी सांगणार आहे. तो मित्र माझा मुलगा आणि ते निकडीचं काम माझं, हे ती आत येऊन बसली की आधी सांगेन, पेटी नंतर दाखवेन. यात तुझी परवानगी मागत नाही, कारण बोलावणारा मी होतो, तू फक्त बापाचं ऐकलंस. ती उठून गेली तर तिला थांबवणार नाही. तुला यावंसं वाटलं तर ये, नाही आलास तरी चालेल, तिच्यासमोर उभं राहायचं काम माझं आहे. मात्र एक गोष्ट मी तिला सांगू शकणार नाही आणि तुझ्यापासून लपवू शकत नाही. दोन महिने रोज मी त्या मुलाचा चेहरा समोर ठेवून काम केलं, त्याच्यासाठी रडलो, स्वतःची लाज वाटली. पण तो मंगळवार पुन्हा आला आणि मला सगळं आधीच माहीत असलं, तरी मी तुला ते पत्र लिहीन. फोन कर म्हणेन. काहीही विचारत राहीन, तुला वर जाऊ देणार नाही.

तुझाच,
बाबा