पुंजाजीचा पाय

२० जानेवारी १९३५, नांदुरा स्टेशन

हरलो. आणि पुंजाजीचा पाय मोडला.

खामगावच्या गाडीला वेळ आहे. तो बाकावर आडवा, संघातले आठही जण त्याच्याभोवती. मी या टोकाला एकटा.

२१ जानेवारी, खामगाव

इथे तरी खरं लिहीन.

काल नांदुऱ्याला ढालीच्या सामन्याआधी पुंजाजी म्हणाला, "मास्तर, घोटा सुजला. पाय टेकता येऊन नाही राह्यला."

मी म्हणालो, "नाटकं करू नको बे! ढाल काय तुझ्या बायकोनं आणायची?" सगळे हसतील असं वाटलं. कुणी हसलं नाही. कप्तान निवृत्ती म्हणाला, "त्याच्या चढाया मी करतो." त्यालाही गप्प केलं. सहा वर्षं या पोरांना हुतुतू शिकवतोय, ढाल एकदाही नाही!

तिसऱ्या चढाईत चौघांनी पुंजाजीला धरलं. पाय सगळ्यांच्या खाली. आवाज मला कडेला उभा असताना ऐकू आला. हाड कातडीबाहेर आलं होतं.

आणि मी खेळ चालू ठेवला. त्याला घोंगडीवर निजवलं, पायावर पंचा टाकला — आणि आठ जणांना पुन्हा मैदानात उतरवलं. पाऊण तास! सगळा वेळ तो कण्हत होता. मी एकदाही वळून पाहिलं नाही.

२४ जानेवारी

मैदानावर कुणी आलं नाही. तीनदा शिटी वाजवली. मग वेड्यासारखं वाटलं.

२७ जानेवारी

नारायणरावांनी बोलावलं. संघ ज्या व्यायामशाळेचा तिचे अध्यक्ष तेच, शाळेच्या कमिटीवरही तेच — म्हणजे माझी ड्रिल मास्तरची नोकरी त्यांच्याच हातात. "कसं झालं मास्तर हे?"

मी म्हणालो, "सूज त्यानं लपवली. मला माहीत असतं तर उतरवलाच नसता."

जीभ अडखळलीसुद्धा नाही. निवृत्ती दारातच उभा होता. माझ्याकडे पाहिलं, बाहेर जाऊन थुंकला.

३० जानेवारी

नारायणराव म्हणाले, "निवृत्ती काही वेगळंच सांगत होता. म्हणून पुंजाजीलेच जाऊन विचारलं. तोबी तुमच्यासारखंच म्हनते — सूज मीच लपवली."

आधी सुटलो असं वाटलं. मग जेवण गेलं नाही.

३१ जानेवारी

पुंजाजीकडे गेलो. त्याची बायको कोकिळा वांग्यांच्या वाफ्यात पाणी फिरवत होती. मला पाहून पदर पुढे ओढला.

आत तो खाटेवर. हाडवैद्यानं पाय बांबूच्या कामट्यांत बांधलेला. खोलीला वास येत होता.

"काऊन खोटं बोललास बे?"

"मास्तर, तुमची नोकरी जाऊन मले पाय भेटते का?" हसला. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पन ते बायकोचं बोलाले नोको होतं. पोराईसमोर."

माझ्याच्यानं 'चुकलो' एवढंही म्हणवलं नाही. संत्री ठेवली आणि निघालो.

३ फेब्रुवारी

सांगितलं. नारायणरावांना, मैदानावर, सगळ्या संघासमोर. सूज, घोंगडी, पाऊण तास, खोटं — सगळं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शाळेत राहा. व्यायामशाळेत आता येऊ नका."

पोरांपैकी कुणी वर पाहिलं नाही. निवृत्ती तेवढा म्हणाला, "हे नांदुऱ्याले बोलाले पाहिजे होतं, मास्तर."

तरी घरी येताना हलकं वाटलं. खोटं कशाला लिहू?

१० फेब्रुवारी

पुंजाजीच्या घराला कुलूप. शेजारच्या झुंबरबाई म्हणाल्या, "सासुरवाडीले गेला, बीबी गावाले. आरामाले." बीबीपर्यंत बैलगाडीत बसवत असेल तर जखम भरत आली असणार. बरं वाटलं!

२ मार्च

संघ खेळताना रस्त्यावरून पाहिला. निवृत्ती शिकवतो. दम छातीत नाही, पोटात धरायचा — माझेच शब्द. थोडा वेळ थांबलो. कुणी बोलावलं नाही.

पुंजाजी अक्षय तृतीयेपर्यंत चालायला लागेल. तो एकदा मैदानावर आला की बाकीचेही बोलतील माझ्याशी. त्याचं सगळे ऐकतात.

१४ मार्च

बाजारात निवृत्ती आपणहून जवळ आला. पुंजाजी बीबीला गेलाच नव्हता. अकोल्याच्या दवाखान्यात आहे. पाय सडत गेला. पाच फेब्रुवारीला गुडघ्यापासून कापला.

"मास्तरले सांगू नका म्हने तो, खचतीन म्हने. आमी सगळ्याईनं हो म्हटलं होतं." निवृत्ती दोन पावलं निघाला, परत वळला. "पन मले नाही राहवलं. तुमाले माहीत पाहिजे."