पेटीतली मिरची

दादा,

आईला घेऊन शहापूरला दवाखान्यात जातेय. शेजारच्या आदेशनं जीप आणलीय. पहाटे पेजेचं पातेलं उतरवताना तिचा उजवा हात भाजला, पार मनगटापर्यंत. सैपाकघरात काळोख होता, कारण तिथला बल्ब काढून तू तुझ्या त्या पेटीत लावलास.

वा रे शास्त्रज्ञ! अख्ख्या किन्हवलीवर ऊन पडतं, आणि तू प्लायवूडच्या पेटीत चकचकीत कागद चिकटवून, झाकणाला बल्ब टांगून मिरची उगवायला निघालास. कशाला? तर कामावरच्या साहेबाच्या टेबलावर ठेवायला. साहेब खूश होईल आणि तुला पर्मनंट करील! साहेबाच्या झाडाला बल्ब आणि आईला रॉकेलची चिमणी. वर तीच मला म्हणते, "राहू दे गो, मला सवय हाय."

बल्ब परत जागेवर लावलाय. त्याला हात लावलास तर बघ. टोपात भात आहे, आमटी नाय. जेवलास की भांडी घासून ठेव, आता आईच्यानं होणार नाय.

आणि एक. मातीवर पालापाचोळा जाळून राब भाजल्याशिवाय, तणाचं बी मारल्याशिवाय आपल्यात कोणी रोप टाकतं का रे? तू खाचरातली माती तशीच, न भाजता भरलीस. मिरचीचं बी दबलं आणि तण वर आलं. रोज ज्याला कौतुकानं पाणी घालतोस तो माका आहे, बांधावर पायाखाली येतो तो. आईनं पान बघताच ओळखलं होतं. मला म्हणाली, "त्याला सांगू नको, हिरमुसेल."

आज तिचा हात भाजलाय, म्हणून सांगतेय.

पौर्णिमा