उजव्या पायाचा मोजा

प्रिय सायोरी,

तू माझा फोन उचलत नाहीस, यात तुझी काही चूक नाही. आईच्या श्राद्धाला बाप आला नाही, वर 'पडसं झालंय' असं कळवून मोकळा झाला. मला पडसं नव्हतं. त्या सकाळी काळा कोट घालून मी देवळाच्या पायरीपर्यंत आलो होतो. आतून तुझा आवाज ऐकला, "बाबांची बसायची उशी पुढेच ठेवा, त्यांना उशीर होतोच." आणि मी मागे फिरलो.

जोडे काढायचे होते ना. उजव्या पायाचा अंगठा तेव्हाच काळा पडला होता, मोजा ओला व्हायचा, वासही यायचा. तिथली तातामी, जमिनीवरची चटई, मीच शिवलेली. चाळीस वर्षं लोकांच्या घरात पांढऱ्या मोज्यांनी चटया अंथरत फिरलो, आणि आता तिच्यावर डाग पाडायचा? तुझ्या आईपेक्षा मला चटई मोठी झाली, असं म्हणालीस तर मी मान खाली घालीन.

थंडीत पाय गार पडायचे म्हणून मी ते कोतात्सुच्या, त्या शेगडीवाल्या बुटक्या मेजाच्या, पांघरुणाखाली थेट शेगडीला टेकवून बसायचो. भाजलं ते कळलंच नाही. पायाच्या रक्तवाहिन्या सिगरेटींनी आणि चरबीनं बुजल्यात, असं डॉक्टर म्हणाले. तू लपवलेली पाकिटं मी शोधून काढायचो, आठवतं?

आता आठवड्यातून दोनदा रक्त गाळतात. एका हातातून निघतं, यंत्रातून चरबी काढून दुसऱ्या हातात परत येतं. नळीतलं ते पिवळं पाणी बघून ताकेबे नर्सबाई म्हणतात, "आजोबा, चाळीस वर्षांचं तळलेलं तेम्पुरा निघतंय हो." मी हसतो. त्या पायाची पट्टी सोडतात तेव्हा भिंतीकडे बघतो.

भरती होताना जवळच्या नातेवाइकांच्या रकान्यात मी 'कोणी नाही' असं लिहिलं. सगळ्यात जास्त लाज मला त्याची वाटते. गुरुवारी रक्त गाळायची शेवटची फेरी आहे. नुसता अंगठा जाणार की पाऊल, ते त्यानंतर ठरेल, आणि तेव्हा घरचं माणूस हवं म्हणतात. काल मी ते दोन शब्द खोडून तुझं नाव लिहिलं. सोमवारी तुला हॉस्पिटलातून फोन येईल. परक्याच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. कोणी खोलीत आलं की मी पाय पांघरुणाखाली ओढून घेतो. तू आलीस, तर बाहेर ठेवीन.

तुझाच,
बाबा