लाल चांदणीपाशी अडलेल्या बाया

सोमवार, ता. ९
आज सायलीनं मलाच कामाला लावलं! माझी नात, माणला कॉम्प्युटरच्या कंपनीत, आणि चौथी शिकलेल्या आजीकडून काम करून घेते. चाकणच्या एका दवाखान्यासाठी मोबाईलवरचं काहीतरी केलंय तिनं. कारखान्यातल्या बायांनी आपलं दुखणं मराठीत बोलायचं, ते डॉक्टरापुढं लिहून जातं. मी बोलले, "सकाळधरून घेरी येऊलालीय." मशीन गप. त्याला निस्तं भोवळ ठाऊक. म्हटलं बाई, आमच्या लातूरकडं घेरीच येते. खूप हसली. शुक्रवारी दवाखान्याच्या लोकांना दाखवायचंय. पसंत पडलं तर नोकरी कायम. (मटकी भिजवायची राहिली.)

मंगळवार, ता. १०
शेजारणी गोळा केल्या. चहा दोनदा. रत्नागिरीच्या सावंतवैनी म्हणाल्या, "आमच्यात भोवंडल्यासारखं होतं." सखूबाई इथलीच, मोशीची. तिचं, "डोकं गरगरतंय, डोळ्याम्होरं अंधारी." सा. भराभरा लिहून घेत होती. एका दुखण्याची किती नावं, आणि जिला तिला आपलंच खरं! लग्नघरासारखा कालवा.
मग मशीन म्हणालं, पतीचे नाव सांगा. तिथं लाल चांदणी. म्हणजे सांगितल्याबिगर पुढं जाऊच देत नाही. आम्ही तिघींनी पदर तोंडाला लावले. पन्नास वर्षांत ह्यांचं नाव घेतलं नाही, आता मशीनसाठी घेऊ? म्हटलं, "सुनीलचे बाबा." घेईना. सावंतवैनींनी उखाणा घेतला, तर अख्खा उखाणाच नावाच्या जागी! शेवटी हे आतल्या खोलीतून स्वतःचं नाव ओरडले. लगेच घेतलं. हसून हसून पोट दुखलं.
सा. हसली नाही. "आजी, दवाखान्यात आजोबा कुठून आणायचे?"
सखूबाई हळूच म्हणाली, "माजी लेक मंदा सासरहून माघारी आली त्याला चार वर्सं झाली. तिनं कुनाचं नाव सांगायचं गं?"
चहा निवून गेला.

गुरुवार, ता. १२
सायलीनं चांदणी काढू का विचारलं, तर तिचे साहेब म्हणाले म्हणे, शब्द पाहिजे तेवढे घाल, चांदणी राहील. दवाखान्याच्या कागदावर बी तो रकाना आहे. सा. म्हणते, उद्या सगळ्यांपुढं बोलणार. साहेब चिडले तरी. मी म्हटलं, "माय, आधी कायम हो, मग भांड."
"कायम झाल्यावर मला पण भीती वाटायला लागेल गं."
ऐकून भ्याले. आणि खोटं कशाला लिहू, लई बरं बी वाटलं. कुणावर गेलीय पोरगी? मी तर कधी कुणापुढं... जाऊ दे.

शुक्रवार, ता. १३
सकाळी मंदा जिन्यात तयार उभी. कारखान्यातली शिफ्ट बदलून घेतलेली. म्हणाली, "सायली, मी बी येती. तू दाखव, मी त्यांच्याम्होरं मशीनला बोलती. चांदणीपशी आली की गप उभी ऱ्हाती. बघू दे त्यांना."
दोघींच्या हातावर दही घातलं. एकाच गाडीवर गेल्या.
दोनला मीटिंग होती. आता पाच वाजून गेले. फोन नाही. हे तिसऱ्यांदा विचारतायत. सखूबाई येऊन उंबऱ्याशी बसलीय, पदराचं टोक पिळत. वही ठेवते. बसते तिच्याजवळ जाऊन.